पहिली न पाहिलेल्या मुलांना पाचवीत नापास करण्यापूर्वी

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री
आणि मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण व क्रीडा विभाग,
मंत्रालय, मुंबई

विषय: इयत्ता पाचवीची पुनर्परीक्षा आणि तिच्यामागची दोन वर्षे

संदर्भ: मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२२ या काळात आपल्या विभागाकडून आलेली पत्रे, परिपत्रके, लिंका आणि 'अति तातडीचे' निरोप

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका ऊसतोड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. हे पत्र खरे तर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशा पायऱ्या चढत 'योग्य मार्गाने' आपल्याकडे यायला हवे. त्या मार्गाने ते पोहोचेपर्यंत ही मुले दहावीला बसतील, म्हणून उघडच लिहिते आहे. नाव घालत नाही. वर्तणूक नियम मलाही ठाऊक आहेत.

१ मे २०२५ रोजी आम्ही निकाल वाटले. पाचवीच्या काही मुलांच्या प्रगतिपुस्तकात पुनर्परीक्षेचा शेरा मी लिहिला. जूनमध्ये ही मुले पुन्हा पेपर देतील आणि तेव्हाही जमले नाही तर पाचवीतच राहतील. नियम काही आजचा नाही. केंद्राने २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती केली, आपण २०२३ मध्ये राज्याचे नियम बदलले आणि २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आली. पाचवीला पन्नास गुणांचा पेपर, पस्तीस टक्क्यांना पास.

परीक्षेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. वाचता न येणारे मूल वर्षामागून वर्ष वरच्या वर्गात ढकलत राहण्यात कसलीही दया नाही, असे मी प्रशिक्षणांत आणि शिक्षण परिषदांत बोलत आले आहे, आणि त्यावरून सहकाऱ्यांशी वादही घातले आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की यंदा पाचवीत असलेली मुले पहिलीत कधी होती, हे कुणी पाहिले का? ती पहिलीत होती जून २०२० मध्ये.

वाड्या-वस्त्यांवर फिरून, तोंडाला रुमाल बांधून, उंबऱ्याबाहेर उभे राहून आम्ही ज्यांची नावे पटावर घेतली ती ही मुले. पहिली ते चौथीचे वर्ग आपण उघडले १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे या मुलांनी शाळेची पायरी चढली ती थेट दुसरीत, तीही पहिले सत्र उलटून गेल्यावर. महिनाभरात ओमायक्रॉन आला. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या, २४ जानेवारीपासून पुन्हा परवानगी मिळाली, तीही स्थानिक प्रशासनाला योग्य वाटले तर. उरलेल्या दिवसांत हातात पुस्तक होते दुसरीचे. मग तिसरी आली. पहिली नावाचे वर्ष या मुलांच्या वाट्याला आलेच नाही. ते झाले फक्त विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरल पोर्टलवर.

हेही ज्यांना गावात राहायला मिळाले त्यांचे. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, जावेच लागते. एरवी आम्ही आई-बापांच्या मागे लागून मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून घेतो. शाळाच बंद, तर ठेवून घेणार कशासाठी? पोरे बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून उसाच्या फडावर गेली. २०२१ मध्येही तेच झाले. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग उघडले, लहान वर्ग बंदच राहिले, आणि लहान वर्ग उघडेपर्यंत टोळ्या निघून गेल्या होत्या. त्या वर्षी ऊस इतका विक्रमी होता की गाळप मे-जूनपर्यंत लांबले. त्यामुळे माझ्या वर्गातली एक मुलगी पहिल्यांदा बाकावर बसली ती जून २०२२ मध्ये, तिसरीत. यंदा भाषेच्या पेपरात तिला पासापुरते गुण मिळाले नाहीत. मोळ्या किती बांधल्या, खेपेला किती टन भरले, उचल किती फिटली आणि किती राहिली, हे ती तोंडी सांगते. जोडाक्षर आले की थांबते. तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना मला ही दोन वर्षे लिहायला एकही रकाना सापडला नाही.

पहिलीच्या वर्गात काय चालते हे आपल्या कार्यालयात फारसे कुणाला ठाऊक नसावे, असे मला आपली परिपत्रके वाचताना नेहमी वाटते. बाहेरून नुसता गलका दिसतो. आतमध्ये चिंचोके मोजत, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधत मूल दशक म्हणजे काय ते हाताने शिकत असते. अक्षर गिरवताना आम्ही त्याच्या मागे उभे राहून त्याचा हात धरतो. 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ' यांतला फरक ते बाईंच्या तोंडाकडे पाहून पकडते. डिसेंबर २०२१ मध्ये मुले आली तेव्हा माझ्या तोंडावर मास्क होता, त्यांच्याही. मी काय म्हणते ते त्यांना दिसत नव्हते, ती काय म्हणतात ते मला नीट ऐकू येत नव्हते. ज्या घरात आई-बापाला लिहिता-वाचता येत नाही, त्या घरात हे काम व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ करू शकत नाही. २०२० मध्येही करू शकत नव्हती आणि हे आम्हाला तेव्हाही माहीत होते. कुणी विचारले नाही.

आता त्या दोन वर्षांविषयी माझ्या तक्रारी मांडते. जुने कशाला उकरता, असे कुणी म्हणेल. जुने असते तर त्याचा निकाल या मे महिन्यात लागला नसता.

पहिली तक्रार: आपण शिक्षण मोजले नाही, लिंका मोजल्या. टाळेबंदीत 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज मोबाइलवर येऊ लागली. हेतू चांगलाच होता. दीक्षा ॲपवरचे काही पाठ मी आजही वापरते. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली मालिका सुरू झाली, तीही मुलांना आवडली, वीज असे तेव्हा. पण घरातला एकुलता एक स्मार्टफोन बापाच्या खिशात, बाप रानात किंवा कामाच्या शोधात. तो घरी येई रात्री, आणि तोवर सहा वर्षांचे पोर झोपलेले. रिचार्ज संपला की महिना-महिना संपर्क नाही. नोव्हेंबर २०२० पासून 'स्वाध्याय' आली, आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्न. मग रोज संध्याकाळी विचारणा: नोंदणी किती टक्के झाली? अमुक केंद्र पुढे, तुमचे मागे का? काही ठिकाणी शिक्षकांनीच मुलांच्या नावाने उत्तरे भरून टक्केवारी गाठली, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. टक्का मागितला, टक्का मिळाला. आज तीच मुले पन्नासपैकी तेरा-चौदा गुणांवर आहेत आणि त्या टक्केवारीचा कागद कुठे आहे कुणास ठाऊक.

१ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, इयत्ता दुसरी ते दहावीसाठी. मागच्या इयत्तेचे राहिले ते भरून काढायचे. दुसरीच्या मुलांनी पहिलीची कोणती उजळणी करायची होती? शिकवलेच नाही त्याची उजळणी? आणि तोही फोनवरच, म्हणजे ज्या फोनअभावी ते राहिले त्याच फोनवर. अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केला, ते वरच्या वर्गांना उपयोगी पडले असेल. बाराखडीतून पंचवीस टक्के कशी वगळणार?

दुसरी तक्रार कामांची आहे आणि तिच्यात मी जरा सावधपणे बोलते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून दुसरे अशैक्षणिक काम देता येत नाही. करोना ही आपत्तीच होती. म्हणून आम्ही 'हे आमचे काम नाही' असे म्हटले नाही. जिल्ह्याच्या हद्दीवर नाक्यावर उभे राहिलो, येणाऱ्या गाड्यांच्या नोंदी केल्या. रेशन दुकानात रांगा लावल्या. एप्रिल २०२० मध्ये कारखान्यांवर अडकलेल्या सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजुरांना घरी जायची परवानगी मिळाली, तेव्हा आमचीच माणसे परत येत होती, आणि गावात त्यांना उतरवायला जागा होती ती शाळेची. वर्गातले बाक ओसरीत लावून आम्ही विलगीकरण कक्ष केला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताईंबरोबर घरोघर फिरलो, तापमान आणि ऑक्सिजन नोंदवले. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्या मतदान केंद्रांवर आम्हीच होतो. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट माथ्यावर असताना पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक झाली, तिथेही शिक्षकच होते.

हे सगळे केले त्याबद्दल तक्रार नाही. ते करायला लावताना माणसाला ज्या तऱ्हेने वागवले त्याबद्दल आहे. आदेश बहुतेक वेळा तोंडी, नाहीतर व्हॉट्सॲपवर यादीचा फोटो. सही नाही, जावक क्रमांक नाही. मास्क-सॅनिटायझर आमच्या खिशातून. सकाळी पाहणी, दुपारी नाका, संध्याकाळी 'आज किती मुलांना ऑनलाइन शिकवले' याचा फॉर्म. आणि गावात, नातेवाइकांत, वर्तमानपत्राखालच्या प्रतिक्रियांत एकच वाक्य: मास्तरांची मजा आहे, घरी बसून पगार. मार्च २०२० चा पगार टप्प्यांत आला, पुढे दीड वर्ष महागाई भत्ता गोठला. तेही सोसले, कारण पोटापुरता पगार आमच्या खात्यावर येत होता. विनाअनुदानित शाळांतल्या आमच्या भावंडांना तो आला नाही. माझ्या डीएडच्या वर्गातला एक मित्र त्या वर्षी हातगाडीवर भाजी विकत होता आणि संध्याकाळी आपल्या वर्गातल्या मुलांना फोनवर गणित सांगत होता. त्याच्या शाळेची फी थांबली, त्याचा पगार थांबला, त्याचे विद्यार्थी मात्र आपल्या टक्केवारीत मोजले जात होते.

तिसरी तक्रार मला लांबवायची नाही, पण सोडताही येत नाही. शेजारच्या शाळेचे गुरुजी २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. आधीच्या दिवसांत ते पाहणीच्या कामावर होते. बेड शोधण्यात दोन दिवस गेले. वित्त विभागाच्या २९ मे २०२० च्या शासन निर्णयाप्रमाणे करोना कामावर असताना मृत्यू आला तर कुटुंबाला ५० लाखांचे सानुग्रह सहाय्य होते. अट अशी की मृत्यूच्या किंवा दवाखान्यात दाखल होण्याच्या आधीच्या १४ दिवसांत माणूस त्या कामावर हजर असला पाहिजे आणि तसे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केले पाहिजे. गुरुजींच्या पत्नीने प्रस्ताव केला. कार्यालयाने नेमणुकीचा लेखी आदेश मागितला. लेखी आदेश निघालाच नव्हता. व्हॉट्सॲपवरची यादी दाखवली, तर ती 'अधिकृत नाही'. त्याच यादीप्रमाणे कामावर न गेलेल्यांना मात्र कारणे दाखवा नोटीस अधिकृतपणे निघाली होती. त्रुटी काढून प्रस्ताव परत आला, पुन्हा गेला, पुन्हा परत आला. वहिनी आता त्या कार्यालयाची पायरी चढत नाहीत.

उत्तर प्रदेशात त्याच महिन्यात पंचायत निवडणुका झाल्या. शिक्षक संघटनेने १,६२१ मृतांची यादी दिली, सरकारने आधी सांगितले तीन. ओरड झाली तेव्हा तिथल्या सरकारला आपला निकष बदलून निवडणूक कामानंतरच्या मृत्यूची मुदत ३० दिवसांपर्यंत वाढवावी लागली. आपल्याकडे अशी ओरड झाली नाही. आम्ही महाराष्ट्राचे शिक्षक, निवेदन देतो, फोटो काढतो आणि घरी येतो.

चौथी गोष्ट छोटी आहे, पण कारभाराचा नमुना म्हणून सांगते. २०२१ च्या उन्हाळी सुट्टीतला पोषण आहार धान्याऐवजी पैशांनी द्यायचे ठरले, थेट मुलाच्या बँक खात्यात. पहिली ते पाचवीच्या मुलाला १५६ रुपये, सहावी ते आठवीच्या मुलाला २३४. खाते नसेल तर काढा. बँक म्हणे शिल्लक ठेवा, आधार आणा, पालकांचे कागद आणा. मजुरी बुडवून, तालुक्याला जायचे भाडे भरून, बँकेच्या दारात करोनाच्या रांगेत उभे राहून १५६ रुपये. पालक आमच्याकडे पाहून हसायचे आणि आम्ही जमिनीकडे पाहायचो.

या काळात चांगले काही झालेच नाही, असे मी म्हणणार नाही. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. नाशिक-पालघरच्या पाड्यांवर लाउडस्पीकरवरून शाळा भरली. कितीतरी ठिकाणी ओट्यावर, पारावर, झाडाखाली पाच-सहा मुलांचे गट बसले. मीही मारुतीच्या पारावर बसवत होते. एकाच आठवड्यात मला जमाव जमवल्याबद्दल ताकीद मिळाली आणि 'गृहभेटींचे जिओ-टॅग फोटो तात्काळ पाठवा' असा निरोपही आला. ३ डिसेंबर २०२० ला परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले, आणि तो अभिमान खरा होता. आपणही 'थँक अ टीचर' मोहीम काढली. त्या मोहिमेचेही फोटो लिंकवर भरायचे होते. आमचे आभार आम्हीच अपलोड केले.

आता मुलांकडे परत येते. नुकसान किती झाले याचे पुरावे आपल्या टेबलावर नाहीत असे नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२१ च्या सुरुवातीला पाच राज्यांत सोळा हजारांवर मुले तपासली. त्यांतल्या ९२ टक्के मुलांनी भाषेतले निदान एक आधीचे कौशल्य गमावले होते, ८२ टक्क्यांनी गणितातले. त्या पाचांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली मुले वेगळ्या मातीची नाहीत. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' २०२२ च्या अहवालात देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी होती २०.५ टक्के, २०१८ मध्ये ती २७.३ होती. त्याच अहवालात दुसराही आकडा आहे. ग्रामीण भारतात सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण ६५.६ वरून ७२.९ टक्क्यांवर गेले. हातात पैसा उरला नाही तेव्हा लोक आपल्या शाळांकडे आले. आमच्या गावातही इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी सोडून काही मुले आली. त्या पालकांना पाच वर्षांनी आपण काय दिले? पुनर्परीक्षेची तारीख.

२०२० आणि २०२१ मध्ये एका आदेशाने सगळ्यांना पुढे ढकलताना मूल कुठे आहे हे आपण पाहिले नाही. २०२५ मध्ये त्याला मागे ठेवतानाही पाहिलेले नाही. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या मुलांवर उपकार केले असे मी म्हणत नाही, दुसरा मार्ग नव्हता. पण परिस्थितीचा विचार पंधरा वर्षांच्या मुलासाठी करता आला, तर तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या मुलासाठी आज का करता येत नाही? लहान मुलांच्या आई-बापांना मोर्चा काढता येत नाही, त्यांचे बोर्ड नाही, त्यांच्या बातम्या होत नाहीत, हेच त्याचे कारण असेल तर तसे तरी सांगा.

नापास झाल्यावर काय होते तेही सांगते, कारण नियमात ते लिहिलेले नाही. शहरातल्या मुलाची शिकवणी लागेल. आमच्याकडची मुलगी पाचवीत राहिली की दिवाळीला बाप म्हणतो, तसेही तेच वर्ष आहे, चल फडावर, धाकट्याला सांभाळ. एकदा गेली की सातवी-आठवीच्या वयात तिच्या लग्नाची बोलणी ऐकू येतात. करोनाच्या दोन वर्षांत आमच्या भागात ती किती ऐकू आली हे कुठल्याही अंगणवाडीताईला विचारा. त्या वेळी लग्न झालेल्या माझ्या दोन माजी विद्यार्थिनी आता आपल्या पोरांना घेऊन लसीकरणाला येतात आणि मला पाहून पदर सावरतात. दोघींनाही छान वाचता येत होते.

म्हणून मागण्या अशा.

जून २०२० आणि जून २०२१ मध्ये पहिलीत दाखल झालेल्या मुलांना पाचवीत रोखू नये. म्हणजे यंदाची आणि पुढच्या वर्षीची पाचवी. हीच मुले २०२७-२८ आणि २०२८-२९ मध्ये आठवीला येतील, तेव्हाही हा नियम त्यांना लावू नये. परीक्षा घ्या, पेपर तपासा, काय येते आणि काय येत नाही ते पालकांना खरे सांगा, पण वर्ष रोखू नका. ही सवलत कायमची मागत नाही, दोन तुकड्यांपुरतीच मागते आहे.

त्यांना पुढे पाठवताना हात रिकामे नकोत. पाचवी-सहावीत रोज एक तास फक्त वाचन आणि संख्याज्ञान, इयत्तेप्रमाणे नव्हे तर मुलाला जिथपर्यंत येते तिथपासून. निपुण महाराष्ट्राच्या नावाने आपण हेच बोलता, उत्तम आहे. पण त्यासाठी माणूस द्या. पाच वर्गांना दोन शिक्षक, त्यांतला एक ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेला, अशा शाळेत स्तरानुसार अध्यापन कागदावरच होते. रिक्त पदे भरा, आणि भरेपर्यंत आमच्याकडून मागवायची माहिती महिन्यातून एकदा, एकाच नमुन्यात मागवा. नवा पोर्टल नको.

हंगामी वसतिगृहांची मंजुरी टोळ्या निघण्याआधी, सप्टेंबरातच द्या. माणसे फडावर पोहोचल्यावर मंजुरीचे पत्र येते, त्याचा उपयोग कुणाला?

करोना कामावर असताना मृत्यू आलेल्या शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची जिल्हावार यादी जाहीर करा. किती प्रस्ताव आले, किती मंजूर, किती फेटाळले, किती त्रुटीत अडकले, हे त्यात असावे. व्हॉट्सॲपवर दिलेला आदेश हाच आदेश होता, हे मान्य करा. फेटाळलेल्या प्रत्येक कुटुंबाला लेखी कारण द्या आणि फेरविचाराची एक संधी द्या. त्या काळात पगार न मिळालेल्या विनाअनुदानित शिक्षकांचे काय करणार, हेही एकदा स्पष्ट बोला. नाही म्हणायचे असेल तर नाही म्हणा.

पुढची साथ किंवा पूर आला की शाळा पुन्हा निवारा होणार आणि आम्ही पुन्हा कामावर जाणार, त्याला तयारी आहे. पण प्रत्येक नेमणूक लेखी, अधिकाऱ्याच्या नावासह, विम्यासह असावी. ज्या दिवशी शिक्षक आपत्तीच्या कामावर आहे त्या दिवशी त्याच्याकडून ऑनलाइन तासिकेचा अहवाल मागू नये. आणि शाळा वापरून झाल्यावर ती पूर्ववत करून देण्याची जबाबदारी वापरणाऱ्या विभागाची असावी. आमच्या विलगीकरण कक्षातून बाक परत आले, पण भिंतींवरचे तक्ते फाटलेले होते आणि ग्रंथालयाची पेटी वाळवीने खाल्लेली होती. त्यातली पुस्तके अजून आली नाहीत.

शाळा १६ जूनला उघडते आणि पुनर्परीक्षा जूनमध्येच आहे. पहिल्या मागणीचा आदेश त्याआधी, सही-शिक्क्यासह निघावा. बाकीच्या मागण्यांना वेळ लागेल हे कळते, त्यांच्यासाठी निदान तारीख द्या.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
मे २०२५